दान, देणगी आणि वर्गणी

दिवाळी अंक हाती आला की वाचकांचे दोन पंथ पडतात. एक पंथ अनुक्रमणिका उघडून आवडत्या लेखकाचे नाव शोधतो. दुसरा थेट राशिभविष्यावर जाऊन पोचतो. जाहिरातींच्या पानांवर थांबणारा तिसरा पंथ अजून जन्माला यायचा आहे. फराळाचे ताट ज्या पाटावर ठेवलेले असते त्या पाटाचे कौतुक कोणी करीत नाही, तशी त्या पानांची अवस्था असते. तरी पण १९०९ साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाङ्‌मयाच्या या वार्षिक सणाला वाचकांच्या पैशाबरोबर व्यापाऱ्याच्या पैशाचाही टेकू लागत आला आहे. साहित्याचा समीक्षक सहसा या टेकूकडे पाहत नाही. त्याला वाटते, कवितेच्या घरात दुकानदाराचे काय काम? मला मात्र त्या टेकूविषयी, आणि एकंदरीतच उद्योगधंद्याने समाजाला जो हात द्यायचा असतो त्याविषयी, चार शब्द लिहावेसे वाटतात. सण घरच्या माणसांचा आहे. घरखर्च कोण चालवतो हे घरच्या माणसांनी एकदा तरी बोलून घ्यावे.

सुरुवात शब्दांपासूनच करू. पैसा एका हातातून दुसऱ्या हातात विनामोबदला गेला, की आपण त्याला तीन निरनिराळी नावे देतो. ‘दान’ हा त्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत सोवळा शब्द. दान देणाऱ्याला पुण्य लागते. घेणाऱ्याने सत्पात्र असावे आणि आशीर्वाद द्यावा, एवढीच अपेक्षा असते. दुसरा शब्द ‘देणगी’. देणगीत पुण्यापेक्षा पावती महत्त्वाची. देणगीदाराच्या नावाची संगमरवरी पाटी लागते, उद्घाटनाला हार येतो आणि समारंभाचा फोटो निघतो. तिसरा शब्द ‘वर्गणी’. हा शब्द गल्लीतला, गणेशोत्सवातला, मासिकाच्या कचेरीतला. वर्गणी देणाऱ्याला कोणी हार घालीत नाही, कारण हार घालणाऱ्यानेही वर्गणी दिलेलीच असते. पण वर्गणीला एक हक्क आणि एक बंधन चिकटलेले असते. ज्याने ती दिली त्याला हिशेब मागता येतो आणि ज्याच्याकडे ती जमा झाली त्याला तो द्यावा लागतो.

थोडक्यात, दानाच्या वाट्याला पुण्य, देणगीच्या वाट्याला पाटी आणि वर्गणीच्या वाट्याला हिशेब! माझे म्हणणे एवढेच, की उद्योगधंद्याने भोवतालच्या समाजासाठी जे करायचे ते वर्गणी म्हणून करावे, आणि समाजानेही ते वर्गणी म्हणूनच घ्यावे. हे म्हणणे हवेत राहू नये म्हणून आपल्याच मातीतले एक उदाहरण या कसावर घासून पाहतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आपण शाळेच्या वयापासून ऐकत आलो आहो. १८६९ साली गुर्लहोसूरला जन्म, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकलेचा अभ्यास. रंग नीट ओळखता येत नाहीत असे कळल्यावर कुंचला ठेवून यंत्राकडे वळणे. १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान आणि पुढे लोखंडी नांगर. ही गोष्ट सांगताना आपण ती नेहमी एकट्या माणसाच्या जिद्दीची गोष्ट म्हणून सांगतो. जिद्द होतीच. पण त्या गोष्टीत एक पान असे आहे की जे आपण भरभर उलटतो. बेळगावच्या नगरपालिकेपायी कारखान्याची जागा सोडावी लागली आणि लक्ष्मणराव अक्षरशः बिऱ्हाड पाठीवर घेऊन उभे राहिले, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली आणि बिनव्याजी कर्जही दिले. कुंडल रोड या आडवळणी स्टेशनाजवळचा तो बत्तीस एकरांचा माळ. वर निवडुंग, खाली नाग. तिथे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

व्याज न मागता दिलेले कर्ज म्हणजे काय? व्यवहाराच्या भाषेत तो वेडेपणा. समाजाच्या भाषेत ती एका राजाची वर्गणी. आणि वर्गणी एकट्या राजाचीच नव्हती. लोखंडी फाळाने जमीन विषारी होते अशी समजूत ज्या मुलखात होती, त्या मुलखातल्या पहिल्या काही शेतकऱ्यांनी धीर करून तो नांगर विकत घेतला. पीक बुडाले असते तर ते त्यांचे बुडाले असते. या अनाम गिऱ्हाइकांचा पुतळा कुठे नाही. तरीही त्यांनी अंगावर घेतलेल्या धोक्यावाचून कारखान्याची भट्टी पेटती राहिली नसती. म्हणजे उद्योगाने समाजाला पहिला पैसा देण्याच्या कितीतरी आधी समाजाने उद्योगाला दिलेले असते. कारखानदाराच्या औदार्याचा हिशेब मांडायचा, तर जमेची ही बाजू आधी लिहिली पाहिजे. नाही तर वही खोटी पडते.

आता दुसरी बाजू पाहू. वाडीने परत काय दिले? कामगारांना घरे दिली, वसाहत दिली, हे तर कोणीही सांगेल. मला त्याहून दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे लक्ष्मणरावांनी आपल्या वाडीत अस्पृश्यता पाळायला बंदी केली. दुसरी म्हणजे शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. या दोन्ही गोष्टींना पैसा जवळजवळ लागला नाही, आणि म्हणूनच त्या कुठल्याही देणगीच्या यादीत बसत नाहीत. गावाच्या रूढीविरुद्ध उभे राहायचे आणि ज्याच्यापासून लोक कुलूप लावून घेतात त्याच्याच हाती किल्ल्या द्यायच्या, याला तिजोरीतले धन उपयोगी पडत नाही. त्याला दानत लागते. ‘दान’ आणि ‘दानत’ हे शब्द जवळचे खरे, पण पहिले श्रीमंताला परवडते आणि दुसरी क्वचितच कोणाला परवडते.

कोणी म्हणेल, यात स्वार्थ नव्हता का? होता की! निष्ठावंत पहारेकरी मिळणे हा कारखान्याचा फायदाच होता. नांगरावरचा संशय गेला म्हणजे नांगर खपत होता. पण स्वार्थ आहे म्हणून एखादे काम हीन ठरवणे हा आपल्या समीक्षेचा एक जुना खोडसाळपणा आहे. विहीर खणणारा स्वतःही पाणी पितो. त्याने ती गावाला खुली ठेवली की नाही, एवढेच आपण विचारावे.

या विहिरीचे पाणी साहित्याच्या शेतातही आले, म्हणून तर हा विषय एखाद्या अर्थशास्त्रीय त्रैमासिकात न मांडता मी इथे मांडतो आहे. १९२० साली वाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. कारखान्याचे मुखपत्र म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? मालकाची छबी, नव्या यंत्राची किंमत, आणि कुठल्याशा समारंभाचा वृत्तांत. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे पिंडाने चित्रकार. त्यांच्या हाती ती ‘खबर’ आली आणि नांगराची बातमी सांगता सांगता ती माणसाची बातमी सांगू लागली. पुढे तिचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे त्याला मिळाली. ज्या घरांत पुस्तक म्हणजे पोथी एवढीच ओळख होती, अशा घरांत रेल्वेच्या टपालाने ही मासिके जाऊन पडली. माजघरातल्या बाईच्या नावावर स्वतंत्र मासिक येणे ही त्या काळी किती मोठी घटना होती, हे आज आपल्या लेकीसुनांना समजावून सांगावे लागेल.

समीक्षक म्हणून मला त्या पानांतली सर्वांत लक्षणीय गोष्ट वाटते ती मासिकाचे नाव. धर्मरूढींवर, अंधश्रद्धेवर, बाईच्या दुःस्थितीवर कडक लेख छापायचे. १९३० नंतरच्या दशकात सावरकरांचे विज्ञाननिष्ठेचे निबंध छापायचे. आणि हे सारे ज्या मुखपृष्ठाआड छापायचे त्यावर आपल्या कारखान्याचे, आपल्या घराण्याचे नाव ठळक अक्षरांत ठेवायचे! नांगर घेणारा शेतकरी सनातनी असू शकतो, दलाल चिडू शकतो, हे ठाऊक असून ते नाव तिथे राहिले. पाटीवरचे नाव सुरक्षित असते. त्यावर फार तर कबुतरे बसतात. मासिकावरचे नाव दर महिन्याला पणाला लागते. उद्योगाने समाजाला नुसते धन दिले की त्याचे उपकार होतात. पण त्याने आपली पत पणाला लावली, की तो लोकांच्या बरोबरीने एका कामात उतरतो.

इथवर गुण सांगितले. दिवाळी असली तरी समीक्षकाने नुसते अनरसे तळून चालत नाही. थोडे कारलेही वाढले पाहिजे.

वाडीच्या व्यवस्थेत एक मूळचे व्यंग होते, आणि ते जगातल्या सर्वच वसाहतींत असते. जो हात पगार देतो तोच हात घर देतो, तोच शाळा देतो, आणि तोच काय वाचावे तेही देतो. अशा हाताला ‘नको’ म्हणणे कठीण असते. मालक भला असला म्हणजे हे व्यंग दिसत नाही इतकेच. त्या मासिकांतून ‘उद्योग करा, यश मिळवा’ हा मंत्र उच्च स्वरात घुमत राहिला. परंतु भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाचा स्वतःचा आवाज, त्याच्या स्वतःच्या बोलीत, मला त्यांत क्वचितच ऐकू येतो. त्याच्याविषयी लिहिले गेले. त्याच्यासाठी लिहिले गेले. त्याने लिहिले असे फारसे झाले नाही.

आणि एक दुखरी आठवण सांगितल्यावाचून हे उदाहरण पुरे होत नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरादारांवर जमाव चालून गेले, आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लागली. निरपराधांची राखरांगोळी करणाऱ्या त्या वणव्याचे समर्थन कोणत्याही तर्काने होत नाही. तो वणवा एका वाडीपुरताही नव्हता, त्यामुळे त्याची कारणे एका कारखान्याच्या वागणुकीत शोधणे अन्यायाचे होईल. पण त्या राखेजवळ उभे राहिल्यावर एक प्रश्न मनात आल्याखेरीज राहत नाही. ज्या वाडीने कुंपणाच्या आत इतके केले, तिचा उजेड कुंपणाबाहेर किती पडला होता? आतल्याला घर मिळते आणि बाहेरच्याला दुरून दिवे दिसतात. दिवा दुरून पाहणाऱ्याच्या मनात नेहमी कृतज्ञताच असते असे नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला, आजही तिथे पंप तयार होतात. त्या पंपांनी कुंपणाबाहेरच्या शेतांना पाणी दिले हेही खरे. तरीसुद्धा तो प्रश्न वाडीपुरता नाही आणि जुनाही झालेला नाही. आज ज्या ज्या औद्योगिक वसाहतीला तारेचे कुंपण आहे, तिच्या फाटकाशी तो उभा आहे.

आता वाडीहून तळेगावला येऊ. कारण वर्गणी या शब्दाचा पुरता अर्थ जिथे दिसतो ते ठिकाण तिथे आहे. अंताजी दामोदर काळे नावाच्या एका निर्धन माणसाने स्वदेशीच्या दिवसांत एक साधा हिशेब मांडला. प्रत्येक माणसाने वर्षाला एक पैसा द्यावा आणि त्या पैशांतून देशी धंदे काढावे. तेव्हाच्या रुपयात पैसे चौसष्ट. म्हणजे एक रुपया जमायला चौसष्ट माणसांपुढे हात पसरायचा! लोकमान्यांनी या कल्पनेला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काचकारखाना सुरू झाला. तिथे काच तर झालीच, पण काच करणारी माणसेही झाली. तिथे हुन्नर शिकून ती पुढे ठिकठिकाणच्या कारखान्यांत पांगली.

पैसा फंडात दाता कोण आणि याचक कोण, हे सांगणे मोठे अवघड आहे. पैसा देणारा हमाल त्या कारखान्याचा आश्रयदाता होता आणि कारखाना त्याच्या मुलाला काम शिकवणारी शाळा होता. जेथे देणारा आणि घेणारा यांची अशी सरमिसळ होते, तेथे उपकाराची भाषा आपोआप गळून पडते. तळेगावचा कारखाना पैशाने किती मोठा झाला याला मी फारसे महत्त्व देत नाही. एका पैशाच्या बळावर एक साधा माणूस कारखान्याला ‘आमचा’ म्हणू शकला, याला देतो. किर्लोस्करवाडीला औंधच्या राजाने उचलून धरले. तळेगावला हजारोंनी बोट लावले. दोन्ही ठिकाणी उद्योग आधी ऋणी झाला आणि मग धनी झाला.

हे सारे जुन्या काळचे झाले असे कोणी समजू नये. वर्गणी आता कायद्याने सक्तीची झाली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमाप्रमाणे, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता पाचशे कोटी रुपये, किंवा उलाढाल एक हजार कोटी, किंवा निव्वळ नफा पाच कोटी असेल, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे असे १ एप्रिल २०१४ पासून ठरले. हा कायदा मी वाङ्‌मय म्हणून वाचला, आणि तो बरा वाटला. त्यात एक वाक्य असे आहे, की कंपनी जेथे काम करते त्या परिसराला तिने आधी पसंती द्यावी. म्हणजे शेजारधर्म कायद्याच्या पुस्तकात आला! नियम असेही सांगतात, की केवळ स्वतःच्या नोकरांच्या सोयीसाठी केलेला खर्च यात धरायचा नाही, आणि मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेला पैसाही धरायचा नाही. पहिल्या नियमाने वसाहतीचे कुंपण ओलांडायला लावले. दुसऱ्याने देणगीची पाटी निदान हिशेबाच्या वहीतून तरी खाली उतरवली. दिवाळी अंकातली ‘हार्दिक शुभेच्छा’ देणारी जाहिरात ही जाहिरातच, ते समाजकार्य नव्हे, एवढे यातून आपण जाहिरातदार आणि संपादक दोघांनी समजून घ्यावे. तिचा मोबदला चोख घेऊन चोख पान द्यावे. कोणी कोणाचे उपकार मानू नयेत.

मात्र कायद्याने वर्गणी वसूल केली तरी भाषा दानाचीच राहिली. दोन टक्क्यांतून शाळेला पाण्याची टाकी मिळते आणि टाकीवर पाण्याच्या पातळीच्या खुणेपेक्षा कंपनीची मुद्रा मोठी काढलेली असते. मुलांना उन्हात उभे करून स्वागतगीत म्हणायला लावतात. गुरुजी आभार मानता मानता थकतात. ज्या मुलांच्या आईबापांनी त्या कारखान्याला जमीन दिली, घाम दिला, धूर सोसला, त्याच मुलांनी ‘आम्ही आपले ऋणी आहोत’ म्हणायचे, हा मला भाषेचा विपर्यास वाटतो. माझ्या पाहण्यातल्या एका गावी अशा टाकीचा नळ वर्षाच्या आत तुटला. तो कोणी दुरुस्त करायचा हे कोणालाच सांगता येईना. दान दिले गेले होते, फोटो निघाला होता, दाता पुढच्या गावी गेला होता. दात्याला नळाचे विचारायचे कसे? दानाच्या गाईचे दात मोजायचे नसतात, ही म्हण गावाला पाठ होती. वर्गणीच्या गाईचे दात मात्र मोजायचे असतात, आणि सर्वांसमक्ष मोजायचे असतात.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. कायद्याने कंपनीला हा हिशेब संचालकांच्या वार्षिक अहवालात छापायला लावले आहे. तो भागधारक वाचतात. जिथे पैसा खर्च झाला त्या गावात तो वाचून दाखवावा असे मात्र कायदा म्हणत नाही. न म्हणेना! ते करायला कोणाची बंदी नाही. वर्षातून एकदा ग्रामसभेत कंपनीच्या माणसाने उभे राहावे, अमुक रुपये आले, अमुक कामाला गेले, अमुक काम फसले, असे मराठीत सांगावे, आणि खाली बसलेल्या म्हातारीने ‘नळाचे काय झाले?’ असे विचारावे. तिला उत्तर द्यायची वेळ आली की पुढच्या वर्षीचा नळ आपोआप चांगल्या प्रतीचा येईल. त्या सभेत हार नको, स्वागतगीत नको. चहा मात्र असावा, आणि त्याचाही खर्च वर्गणीतून व्हावा.

लक्ष्मणराव किर्लोस्कर २६ सप्टेंबर १९५६ रोजी गेले. अंताजी काळ्यांचे नाव तर आज किती घरांत उच्चारले जात असेल, देव जाणे. एकाने यंत्राने संपत्ती केली, दुसऱ्याने पैशापैशाने यंत्र उभे केले. दोघांनाही ठाऊक होते, की कारखाना ही समाजाच्या जमिनीवर, समाजाच्या विश्वासावर वाढणारी वस्तू आहे. हे ठाऊक असलेला माणूस देताना मान ताठ ठेवीत नाही, आणि घेणाऱ्यालाही ती वाकवावी लागत नाही. यंदा लक्ष्मीपूजनाला व्यापारी नव्या वह्या मांडतील. वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहून झाली, की दुसऱ्या पानावर त्यांनी एक ओळ अशी लिहावी: भोवतालच्या गावाचे आपल्याकडे येणे किती आहे. तेवढी ओळ खरी लिहिली गेली, तर दान, देणगी की वर्गणी, हा वाद माझ्यासारख्या शब्द उकरणाऱ्या माणसापुरताच उरेल.